त्याच रेकॉर्डवरचं दुसरं गाणं: मागे पडलेली गाणी शोधायची कशी आणि दुसऱ्याला ऐकवायची कशी

गेल्या महिन्यात आमच्या गाण्याच्या ग्रुपवर एका नवीन मेंबरने 'लग जा गले' टाकलं आणि खाली लिहिलं, अंडररेटेड जेम, नक्की ऐका. आता गाणं वाईट आहे असं कोण म्हणेल, पण १९६४ पासून आजपर्यंत एक ऑर्केस्ट्रा, एक रिॲलिटी शो, एक कॉलेजचं गॅदरिंग या गाण्याशिवाय पार पडलेलं नाही, आणि हे जर दुर्लक्षित असेल तर अमिताभ बच्चनला पण होतकरू नट म्हणायला हरकत नाही. ग्रुपवर त्याची जी काही चेष्टा व्हायची ती झाली. नंतर पोराने मला वेगळा मेसेज केला, मावशी, मग खरंच मागे पडलेली गाणी शोधतात कशी, मला यूट्यूब फिरवून फिरवून तीच वीस गाणी दाखवतं. त्याला तुकड्यातुकड्यात जे सांगितलं ते इथे सलग लिहून काढतेय.

मी गायिका नाही आणि समीक्षक तर अजिबात नाही. डोंबिवलीत राहते, आम्ही आठ-दहा जण महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो, प्रत्येकाने एकच गाणं आणायचं आणि ते का आणलं ते सांगायचं, नंतर पोहे किंवा साबुदाणा खिचडी. सहा वर्षं चाललंय. त्यामुळे खालचं सगळं चुका करून आणि लोकांचे टोमणे खाऊन शिकलेलं आहे.

आधी ठरवा, दुर्लक्षित कशाला म्हणायचं

हे ठरवलं नाहीत तर अर्धा वेळ भांडणात जातो. आमची चाचणी सोपी आहे. गाण्याचं नाव घ्यायचं, आणि खोलीतल्या निम्म्या लोकांना चाल गुणगुणता आली तर गाणं बाद. यूट्यूबवरचे व्ह्यूज बघू नका, ते फसवतात, कारण एकाच गाण्याच्या तीस अपलोड असतात आणि तुम्ही नेमकी तीनशे व्ह्यूजवाली उघडून खूश होता.

दुसरं म्हणजे पॉप कशाला म्हणायचं यावर पण वाद नको. आमच्यातल्या एका काकांना पॉप म्हटलं की गिटार आणि घट्ट पँटच आठवते. माझ्या हिशोबाने लोकांनी रस्त्याने जाता जाता गुणगुणावं म्हणून केलेलं तीन-चार मिनिटांचं गाणं म्हणजे पॉप, मग ते भावगीत असो, सिनेमाचं असो, कोळीगीत असो नाहीतर नव्वदीतल्या चॅनलवर लागणारं इंडीपॉप. सगळं चालतं.

पायरी पहिली: हिट गाण्याच्या शेजारी बघा

माझा सगळा अनुभव शेवटी या एकाच गोष्टीवर येतो. बहुतेक चांगली गाणी मागे पडली ती त्यांच्या शेजारी एक दांडगं गाणं बसलं होतं म्हणून. ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीला एका बाजूला साधारण सव्वातीन मिनिटं मावायची, म्हणजे दोन बाजूंना दोन गाणी. छोट्या ईपी रेकॉर्डवर चार, मोठ्या एलपीवर दहा-बारा, कॅसेटला ए बाजू आणि बी बाजू. त्यातलं एक गाणं रेडिओने उचललं की बाकीच्यांची आयुष्यभर पाहुणे मंडळीत गणती. आणि कुठली बाजू उचलली जाईल हे खुद्द कंपनीला तरी कुठे कळतं! आपल्या बंगळूरच्या संगीतकार बिद्दूने लंडनमध्ये १९७४ साली कार्ल डग्लसचं 'कुंग फू फायटिंग' केलं ते मुळात बी बाजू भरायला म्हणून, ए बाजूला वेगळंच गाणं होतं. बी बाजू जगभर वाजली आणि त्या ए बाजूचं नाव आज कुणाला विचारून बघा.

मराठीतलं माझं लाडकं उदाहरण म्हणजे १९७० चा 'घरकुल'. संगीत सी. रामचंद्र, म्हणजे आपले पुणतांब्याचे अण्णा चितळकर. 'पप्पा सांगा कुणाचे' प्रत्येक मराठी घरात कुणी ना कुणी लहानपणी बोबडं म्हटलेलंच असतं, 'मलमली तारुण्य माझे' गाणाऱ्या मुली अजून स्पर्धेत घेतात, आशाबाई आणि सुरेश भट, त्यामुळे तेही सुरक्षित. पण त्याच चित्रपटात 'नंबर फिफ्टी फोर' आहे आणि ते ऐकवलं की तिशीच्या आतली पोरं एकमेकांकडे बघायला लागतात, हे मराठी आहे? आहे ना. पन्नाशीच्या दशकात 'हाऊस ऑफ बांबू' नावाचं एक इंग्रजी पॉप गाणं होतं, त्यातलं चोपन्न नंबरचं बांबूच्या दाराचं घर अण्णांनी सरळ उचलून मराठीत आणून ठेवलंय. ज्या माणसाने १९५१ च्या 'अलबेला'त 'शोला जो भडके' केलं त्याला हे जड नव्हतंच. पण गंमत अशी की पप्पांच्या गोडव्यात आणि मलमलीच्या नजाकतीत हे वात्रट गाणं लोकांना कुठे ठेवावं तेच कळलं नाही. मी ते पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा काकांनी कपाळाला आठ्या घातल्या होत्या, आणि चहा होईपर्यंत त्यांचीच बोटं टेबलावर वाजत होती.

असंच १९६५ चा 'साधी माणसं' घ्या. 'ऐरणीच्या देवा तुला' सगळ्यांना पाठ, आणि त्याचे संगीतकार आनंदघन म्हणजे लताबाईच हेही आता बऱ्याच जणांना माहितीये, तरी त्याच चित्रपटातलं 'माळ्याच्या मळ्यामंदी' शहरातल्या माझ्या पिढीला सुद्धा अर्धवटच येतं. गायिका नाझिया हसनचं पण तेच. 'आप जैसा कोई' १९८० चं, पुढच्याच वर्षी 'डिस्को दीवाने'चा अल्बम, तो पण बिद्दूचाच, आणि लग्नाच्या डीजेला त्यातलं फक्त टायटल साँग माहीत. त्याच अल्बमवर 'लेकिन मेरा दिल' आहे, रात्री दिवे घालवून ऐका, पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीचा आवाज आहे यावर विश्वास बसत नाही.

तर करायचं काय: तुमच्या आवडीची दहा हिट गाणी कागदावर लिहा. प्रत्येकासमोर चित्रपटाचं किंवा अल्बमचं नाव. मग त्या चित्रपटातली बाकीची सगळी गाणी शोधून एका बैठकीत ऐका. दहातून दोन-तीन तरी हाताला लागतातच, माझा अनुभव आहे.

पायरी दुसरी: गाणाऱ्याच्या मागे जाऊ नका, मागच्या माणसाच्या मागे जा

लता, आशा, किशोर टाइप केलं की यूट्यूब तुम्हाला हमरस्त्यावर नेऊन सोडतं. त्याऐवजी वादक, असिस्टंट, कवी अशी नावं धरा. प्रभाकर जोग म्हटलं की लोकांना गाणारं व्हायोलिन आठवतं, बाबूजींबरोबरचं, म्हणजे सुधीर फडक्यांबरोबरचं त्यांचं काम आठवतं, पण त्यांनी स्वतः चाली दिलेल्या गाण्यांची यादी काढून बघा. 'स्वर आले दुरूनी' बाबूजींच्या आवाजात असल्यामुळे निम्मे लोक चाल पण बाबूजींचीच समजतात, आहे ती जोगांची. मालती पांडे यांचं 'लपविलास तू हिरवा चाफा' पण त्यांचंच. असा एक धागा सापडला की त्याला धरून पाच-सहा गाणी बाहेर येतात.

गोव्याकडचे दोन दत्ता पण या कामाला फार उपयोगी. एक एन. दत्ता म्हणजे दत्ता नाईक. हिंदीवाले त्यांना 'धूल का फूल'साठी ओळखतात आणि मराठीवाले 'निंबोणीच्या झाडामागे' म्हणताना तो हाच माणूस हे विसरतात. या दोन टोकांच्या मधे 'धर्मपुत्र'मधलं आशाबाईंचं 'मैं जब भी अकेली होती हूँ' आहे, साहिरचे शब्द, ते आमच्याकडे दोनदा येऊन गेलं तरी तिसऱ्यांदा कुणी आणलं तर मी नाही म्हणणार नाही. दुसरे दत्ताराम वाडकर, शंकर-जयकिशनचे असिस्टंट, ज्यांच्या नावाने ढोलकीच्या एका ठेक्याला दत्तू ठेकाच म्हणतात. 'आँसू भरी हैं ये जीवन की राहें' त्यांचं. ते लोकांना माहितीये पण शंकर-जयकिशनचं म्हणून माहितीये.

आणि गोव्यात शिरलातच तर कोकणी सोडू नका. ख्रिस पेरी आणि लोर्ना यांची साठ-सत्तरच्या दशकातली गाणी म्हणजे आपल्या दाराशी असलेलं जॅझ-पॉप आहे आणि मराठी माणूस समुद्रावर जाऊन परत येतो, ते ऐकतच नाही. लोर्नाबाई मधली बरीच वर्षं गात नव्हत्या, १९९५ ला परत उभ्या राहिल्या. भाषा नव्वद टक्के कळते, उरलेली ट्रंपेट समजावतो.

पायरी तिसरी: उणे करत जा

काय गाजलं हे आधी माहीत असेल तर काय गाजलं नाही हे शोधणं सोपं. हिंदीसाठी बिनाका गीतमाला या रेडिओवरच्या गाजलेल्या गाण्यांच्या कार्यक्रमाच्या वार्षिक याद्या वापरा. आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी बाहेर काढायचं धोरण माहितीमंत्री बाळकृष्ण केसकरांच्या काळात आलं, लोक रेडिओ सिलोनकडे वळले आणि १९५२ च्या डिसेंबरात अमीन सयानींची गीतमाला सुरू झाली. विविध भारती आली ती १९५७ ला. या याद्या शोधल्या की सापडतात. समजा १९५८ ची यादी समोर घेतली, तर त्या वर्षीच्या चित्रपटांमधून यादीतली गाणी काढून टाका, जे उरलं ते तुमचं शेत. वर्षाप्रमाणे चित्रपट आणि त्यातलं प्रत्येक गाणं बघायचं असेल तर कानपूरच्या हरमंदिर सिंग 'हमराज' यांनी दशकादशकाचे गीतकोश केलेत, मोठ्या लायब्ररीत विचारा. मराठीसाठी 'आठवणीतली गाणी' ही वेबसाइट आहेच, कवी, संगीतकार, गायक कुठूनही शिरता येतं.

उणे करताना आपटलेल्या चित्रपटांकडे विशेष लक्ष द्या. सिनेमा तीन आठवड्यात उतरला की गाणं पण थेटरबाहेर पडतं, त्याची काही चूक नसताना. 'मंज़िल' १९७९ चा, फारसा चालला नाही. त्यातलं 'रिमझिम गिरे सावन' आज पावसाळ्यात सगळ्यांच्या स्टेटसला असतं, पण कितीतरी वर्षं ते जाणकारांपुरतंच होतं. १९७३ च्या 'प्रेम पर्वत'चं तर त्याहून विचित्र, चित्रपट कुणी पाहिलाय विचारलं तर आमच्यात एकही हात वर होत नाही, आणि जयदेवचं 'ये दिल और उनकी निगाहों के साये' मात्र रेकॉर्डवर राहिलं म्हणून आपल्यापर्यंत पोचलं.

कधीकधी काळच चुकीचा असतो. मुंबईच्या स्टुडिओत वाजवणाऱ्या चरणजित सिंगनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सिंथेसायझरवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवून रेकॉर्ड काढली, इथे कुणी ढुंकून बघितलं नाही. तसाच आवाज काही वर्षांनी शिकागोत निघाला आणि त्याला ॲसिड हाऊस नाव पडलं. चरणजितची रेकॉर्ड २०१० ला परत छापली गेली तेव्हा युरोपातली पोरं वेडी झाली. रूपा बिस्वासचा बंगाली-हिंदी 'डिस्को जॅझ' पण तसाच, १९८२ साली कॅनडातल्या कॅल्गरीत रेकॉर्ड केलेला, आला तसा गेला, मग इंटरनेटवर 'आज शनिबार' लोकांना सापडलं आणि २०१९ ला नव्याने एलपी निघाली. म्हणून एखादं गाणं ऐकल्यावर 'हे काय भलतंच' असं वाटलं तर लगेच पुढे जाऊ नका, थोडं थांबा.

पायरी चौथी: कधीतरी घराबाहेर पडा

पुण्यात असाल तर बुधवारी नाहीतर रविवारी जुना बाजार, मुंबईत चोर बाजार, मटण स्ट्रीटकडची दुकानं. सकाळी लवकर जा, सुटे पैसे ठेवा आणि 'जुनी गाणी आहेत का' असं विचारू नका, भाव तिथेच दुप्पट होतो. गठ्ठा उचलून शांतपणे चाळायचा.

कॅसेट घेताना खिडकीतून टेपकडे बघा. कडेला पांढरे ठिपके दिसले तर बुरशी आहे, ती चांगल्या डेकमध्ये घातलीत तर डेकचं हेड पण जाईल. आत तो छोटा स्पंजचा तुकडा असतो तो जागेवर आहे का बघा, नसेल तर आवाज दबका येतो. घरी आणल्यावर आधी पेन्सिल घालून एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवा आणि मगच लावा. ७८ ची तबकडी मिळाली तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, तिच्या खाचा रुंद असतात, एलपीची बारीक सुई तिच्यावर चालवू नका, दोघांचं नुकसान. दुसरी, ती लाखेची असते, तिला स्पिरिटने पुसायचं नाही, लाख विरघळते. हे मला एका जाणकाराने सांगितलं तेव्हा माझ्याकडच्या एका तबकडीचं मी आधीच वाटोळं करून बसले होते. मऊ सुती फडकं, साधं पाणी जेमतेम, आणि मधला कागद ओला होऊ द्यायचा नाही.

तो मधला गोल कागद म्हणजेच लेबल, त्याचा फोटो काढून ठेवायची सवय लावा. त्यावर रेकॉर्डचा नंबर असतो, पुढच्या पायरीला लागतो.

पायरी पाचवी: नावं तपासा, नाहीतर तोंडावर पडाल

यूट्यूबवर खाली लिहिलेलं खरं मानायचं नाही, हा आमच्याकडे नियमच आहे. मराठीत सगळ्यात मोठा घोळ तीन वसंतांचा. वसंत देसाई 'अमर भूपाळी'वाले, वसंत पवार 'सांगत्ये ऐका'वाले म्हणजे 'बुगडी माझी सांडली गं', आणि वसंत प्रभू म्हणजे पी. सावळारामांबरोबरची सगळी भावगीतं. तिघं तीन वाटेचे, तरी अपलोड करणारा बिनधास्त कुणाच्याही नावावर काहीही खपवतो. दुसरा घोळ सुमन कल्याणपूर यांचा. आवाज लताबाईंच्या जवळचा, त्यात साठच्या दशकात लता आणि रफी रॉयल्टीच्या वादावरून काही वर्षं एकत्र गात नव्हते तेव्हा बरीच युगलगीतं सुमनताईंकडे गेली, आणि आज त्यातली निम्मी लताबाईंच्या नावाने फिरतात. 'आजकल तेरे मेरे प्यार के चर्चे' सुद्धा मी लताबाईंच्या फोटोसकट बघितलंय. दुर्लक्षित गाणं ऐकवताना दुर्लक्षित गायिकेचंच नाव चुकवलं तर काय अर्थ राहिला?

लेबलवर छापलंय म्हणून पण डोळे मिटून मान डोलवू नका. १९४९ च्या 'महल'मधल्या 'आएगा आनेवाला'च्या रेकॉर्डवर गायिकेच्या जागी 'कामिनी' छापलं होतं. कामिनी म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं नाव! तेव्हा लेबल, गीतकोश आणि चित्रपटाची श्रेयनामावली या तिन्हीत कुठेतरी दोन ठिकाणी तेच नाव सापडलं तर पक्कं समजायचं.

मग रेकॉर्डिंग तपासा. तुम्ही ऐकताय ते मूळ आहे का? ऐंशी-नव्वदच्या दशकात जुनी गाणी दुसऱ्या गायकांकडून गाऊन घेऊन स्वस्त कॅसेट काढायची लाट होती, त्या आजही ओरिजिनल म्हणून फिरतात. दुसरं संकट झंकार बीट्स, म्हणजे जुन्या गाण्यावर वरून ड्रम ठोकलेले. रिक्षात ठीक आहे, पण अशी अपलोड ऐकवून 'काय ऱ्हिदम आहे' म्हणालात तर मूळ वादकांचा अपमान. तिसरं, कॉपीराइट पकडू नये म्हणून काही लोक गाणं किंचित वेगात किंवा वरच्या पट्टीत चढवतात. आवाज चिमणीसारखा वाटला तर दुसरी अपलोड शोधा. चौथं, सिनेमातलं गाणं आणि रेकॉर्डवरचं गाणं वेगळं असू शकतं, सिनेमात एखादं कडवं जास्त असतं कारण तबकडीला मिनिटांची मर्यादा होती. दोन्ही ऐका आणि कुठलं देताय ते सांगा. 'रिमझिम'ची पण किशोरची वेगळी, लताची वेगळी, आणि मुंबईच्या रस्त्यावर भर पावसात भिजतात ती लताची. मला विचाराल तर मी लताच्या बाजूने, पण यावर आमच्याकडे घटस्फोट होता होता राहिलेत.

पायरी सहावी: शिफारस करणं हे वेगळं काम आहे

इथे बहुतेक लोक घाण करतात. गाणं मेहनतीने शोधतात आणि मग 'मस्ट लिसन' लिहून लिंक फेकतात, तीही एकदम सात. सात लिंक आल्या की माणूस एकही उघडत नाही. एकच द्या. आणि सोबत चार ओळी लिहा, ज्यात समोरच्याला ओळखीचं काहीतरी असेल, कारण अनोळखी गाण्याकडे माणूस ओळखीच्या दारातूनच जातो. मी एकदा पाठवलेला मेसेज जसाच्या तसा देते:

'१९६१, भाभी की चूड़ियाँ. आपल्या वहिनींच्या बांगड्याचं हिंदी, संगीत बाबूजींचंच. ज्योति कलश छलके तुम्हाला पाठ आहे, हे त्याच चित्रपटातलं लताबाईंचं दुसरं, लौ लगाती गीत गाती. ज्योति कलश पहाटेचं आहे, हे दिवेलागणीचं, यमनमधलं. म्हणून कृपया सकाळी ऑफिसच्या गाडीत ऐकू नका, संध्याकाळी सातला ऐका आणि मग सांगा की हे का मागे राहिलं.'

यात वर्ष आहे, ओळखीचं गाणं आहे, कधी ऐकायचं ते आहे, आणि शेवटी एक प्रश्न आहे ज्याचं उत्तर द्यावंसं वाटतं. मोठी विशेषणं टाळा, स्वर्गीय, अजरामर, काळजाला भिडणारं वगैरे, त्याने समोरचा आधीच थकतो. गाण्यात एखादी जागा असेल तर मिनिट आणि सेकंद द्या, 'सव्वा मिनिटाला बासरी कशी शिरते बघा', मग तो माणूस निदान सव्वा मिनिट तरी ऐकतो.

कुणाला काय द्यायचं हेही बघा. ज्याला नुसता ठेका आवडतो त्याला संगीतकार सज्जाद हुसेनचं अवघड गाणं पहिल्याच भेटीत देऊ नका. आणि पाठवल्यावर 'ऐकलंस का, ऐकलंस का' करू नका. माझ्या मावसबहिणीने न्यू जर्सीहून एका गाण्याचं उत्तर अकरा महिन्यांनी दिलं, बर्फात गाडी अडकली होती तेव्हा ऐकलं म्हणाली. उत्तर मात्र दोन पानी होतं.

पायरी सातवी: बसून ऐका आणि मग बोला

बैठकीत गाणं दोनदा लावायचं. पहिल्यांदा काही न सांगता, मग आणणाऱ्याने आपलं म्हणणं मांडायचं, मग परत एकदा. आधी माहिती दिली की लोक माहितीच ऐकतात, गाणं ऐकत नाहीत. फोन उलटे. गाणं चालू असताना 'हं, पुढे बघ आता' म्हणणाऱ्या माणसाला आम्ही स्वयंपाकघरात कांदा चिरायला पाठवतो, खरंच पाठवतो.

बोलायला सुरुवात 'कसं वाटलं' ने करू नका, सगळे 'छान' म्हणतात आणि संपतं. 'कुठल्या ओळीला अडकलात' असं विचारा. कुणी शब्दाला अडकतो, कुणी मधल्या व्हायोलिनला, आणि एखादा सरळ सांगतो मला कंटाळा आला. कंटाळा आला म्हणणाऱ्याला बोलू द्या, कितीदा तरी तोच खरं बोलत असतो, दुर्मिळ आहे म्हणून चांगलंच असेल असं थोडंच आहे! मी स्वतः चोर बाजारातून भरपूर पैसे देऊन आणलेली एक ईपी मोठ्या थाटात लावली होती आणि चारही गाणी रद्दी निघाली.

दोन विषयांना आमच्याकडे बंदी आहे, लता की आशा, आणि हल्लीच्या गाण्यात काही राम नाही. मोडलं तर पुढच्या वेळी सगळ्यांना वडे. चालीच्या चोरीचा विषय मात्र बंद करू नका, फक्त पोलिसासारखं बोलू नका. सज्जादचं १९५२ चं 'ये हवा ये रात ये चाँदनी' आणि मदनमोहनचं १९५८ चं 'तुझे क्या सुनाऊँ मैं दिलरुबा' एकामागोमाग लावा, साम्य लहान मुलाला पण कळेल. पण मग दुसरा कुठे वेगळा वळतो, रफीचा आवाज आल्याने काय बदलतं, तलतमध्ये काय होतं, हे बोलायला लागलो तर रात्रीचे अकरा वाजतात.

तरुण मुलं आली तर त्यांचं जुनं वेगळं असतं हे मान्य करा. आमच्याकडे येणाऱ्या भाच्यासाठी १९९८ म्हणजे प्राचीन काळ. तो सिल्क रूटच्या 'डूबा डूबा'च्या अल्बममधलं 'बूँदें' घेऊन आला, तेव्हा काकांनी तोंड वाकडं केलं, पण नियम तोच, हिटच्या शेजारचं गाणं आहे, चालणार. मी पण त्याला मग मिलिंद इंगळे आणि सौमित्रचा 'गारवा' सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायला लावला, कारण त्याच वर्षीचा, आणि लोक त्यातला पहिला पाऊस ऐकून घरी जातात.

पायरी आठवी: वही ठेवा

फोनमधली प्लेलिस्ट पुरत नाही, अपलोड उडतात आणि मग राखाडी चौकोन बघत बसायचं. साधी दोनशे पानी वही घ्या. तारीख, गाणं, वर्ष, संगीतकार, कवी, गायक, कुणी आणलं, कुठून मिळालं, आणि एक रकाना लोक काय म्हणाले याचा, हाच पुढे वाचायला मजा येतो. नावं पक्की नसतील तर पेन्सिलने लिहा.

कॅसेट किंवा रेकॉर्डवरून स्वतः उतरवून घेतलेलं गाणं स्वतःपुरतं ठेवा, उगाच चॅनल काढून टाकत सुटू नका. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं चालतो, आणि शब्द-चालीवरचा हक्क कवी-संगीतकार गेल्यावर पुढे ६० वर्षं. म्हणजे तबकडी मोकळी झाली तरी गाणं मोकळं झालंच असं नाही. पाठवायचं तर कंपनीच्या अधिकृत लिंकच पाठवा, नसेलच तर घरी बोलवा आणि ऐकवा.

आमच्या वहीचं शेवटचं पान प्रश्नचिन्हाचं आहे. त्यावर सध्या चार नोंदी आहेत. त्यातली सगळ्यात जुनी म्हणजे जुन्या बाजारातून मिळालेली एक कोळीगीतांची कॅसेट, कव्हर नाही, दोन्ही बाजूंची छपाई घासून गेलेली. बी बाजूचं तिसरं गाणं एका बाईचं आहे, आवाज थोडा बसका, मागे नुसती ढोलकी आणि क्लॅरिनेट, आणि दुसऱ्या कडव्यात ती मधेच हसते, ते हसू कुणी कापलेलं नाही. सहा वर्षांत आठ-दहा लोकांना ऐकवून झालं, एकालाही ती कोण ते सांगता आलं नाही. पुढच्या बैठकीला काकांचे एक वर्सोव्याचे मित्र येणार आहेत, त्यांच्यासाठी कॅसेट फिरवून तिसऱ्या गाण्याच्या तोंडाशी आणून ठेवली आहे.